मागे कोसळत गेलेली घरं

18 ऑक्टोबर 2019. मेक्सिकोतल्या मोंतेरेई शहराला लागून असलेलं, 'ज्वालामुखी' या टोपणनावानं ओळखलं जाणारं टिग्रेस क्लबचं स्टेडियम. पाहुणा संघ वेराक्रूझ. पंचांची शिट्टी वाजली, चेंडू सरकला आणि वेराक्रूझचे अकराही खेळाडू होते तिथेच उभे राहिले. हात कमरेवर, पाय गवतात रोवलेले. कित्येक महिने पगार थकले होते आणि सुरुवातीची काही मिनिटं खेळायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. टिग्रेसचे खेळाडू थोडा वेळ थांबले. मग त्यांच्यातल्या चिलीच्या एदुआर्दो व्हार्गासनं लांबूनच फटका मारला. उभ्या माणसांमधून चेंडू जाळ्यात गेला. तो सामना टिग्रेसनं 3–1 असा जिंकला. त्या विजयाचा आनंद कुणाला झाला असेल, याची शंकाच आहे.

याच व्हार्गासनं साडेतीन महिन्यांपूर्वी, ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे इथं, कोपा अमेरिकाच्या उपांत्य सामन्यात एक पेनल्टी घेतली होती. समोर पेरूचा गोलरक्षक होता. व्हार्गासनं जोरकस फटका न मारता चेंडूला खालून हलकेच उचललं. गोलरक्षक आधीच एका बाजूला झेपावेल आणि चेंडू अलगद मध्यातून आत पडेल, असा त्याचा हिशेब. गोलरक्षक फसला नाही. चेंडू अडला आणि पेरूनं चिलीला 3–0 असं हरवलं.

त्या गोलरक्षकाचं नाव पेद्रो गायेसे. आणि गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की तो करारानं वेराक्रूझचाच होता. त्या वर्षी तो लोनवर, म्हणजे उसनवारीवर, आपल्या गावी लिमात खेळत होता, म्हणून ऑक्टोबरच्या त्या संध्याकाळी त्या पुतळ्यांच्या रांगेत तो नव्हता. दीड महिन्यानं, 4 डिसेंबर 2019 रोजी, मेक्सिकोच्या फुटबॉल महासंघानं वेराक्रूझ क्लबला लीगमधून काढून टाकलं. देशासाठी जगभरच्या नामांकित स्ट्रायकरांना अडवणाऱ्या गोलरक्षकाला परत जायला क्लबच उरला नाही.

फुटबॉलपटूंची कारकीर्द मोजायची रूढ पद्धत म्हणजे सामने, करंडक, बदलीची रक्कम. गायेसेच्या बाबतीत ती अपुरी पडते. त्याच्या क्लबांची यादी एकापाठोपाठ एक वाचत गेलं की वेगळंच चित्र दिसतं. तो जिथं जिथं राहिला, ते घर तो बाहेर पडल्यावर कधी ना कधी कोसळलं. काही मोडून पडली, एक पडता पडता सावरलं. दोष त्याचा कुठंच नाही. लॅटिन अमेरिकेतल्या मधल्या फळीच्या क्लबांचं अर्थकारणच असं आहे आणि गोलरक्षक हा त्या अर्थकारणातला सर्वांत असुरक्षित भाडेकरू असतो.

असुरक्षित का, ते आधी सांगायला हवं. संघात बचावपटू चार, मधल्या फळीत चार, पुढं दोन. एक दुखावला की दुसऱ्याला संधी. गोलखांबांमध्ये मात्र जागा एकच. पहिला गोलरक्षक चांगला असेल तर दुसरा वर्षानुवर्षं बाकावर बसतो, आणि बाकावर बसलेल्याला विकत घ्यायला कुणी येत नाही. त्यातही पेरूचा गोलरक्षक असेल तर युरोपातले क्लब सहसा तिकडं पाहतही नाहीत. पेरूनं युरोपला पाठवले ते मुख्यतः गोल करणारे आणि चेंडू खेळवणारे: तेओफिलो कुबियास, क्लाउदिओ पिसारो, पाओलो गेरेरो, जेफरसन फार्फान. खुद्द पेरूच्या राष्ट्रीय संघाचं गोलजाळंही पुष्कळदा बाहेरून आलेल्या माणसांनी राखलं. 1978 आणि 1982 च्या विश्वचषकांत पेरूचा गोलरक्षक होता रामोन किरोगा. जन्म अर्जेंटिनातल्या रोसारिओचा. नंतरच्या पिढीतला ऑस्कर इबान्येस हाही जन्मानं अर्जेंटिनाचाच. गायेसे लिमाचा. 23 फेब्रुवारी 1990 चा जन्म.

त्याचं पहिलं घर होतं एका विद्यापीठाचं. लिमातल्या सान मार्तीन दे पोरेस विद्यापीठानं 2004 मध्ये फुटबॉल क्लब काढला. जुन्या क्लबांसारखा तो सभासदांच्या वर्गणीवर आणि अध्यक्षांच्या लहरीवर चालणारा नव्हता. रीतसर कंपनी म्हणून त्याची मांडणी होती. पगार वेळेवर आणि हिशेब चोख, म्हणून या नव्या क्लबाचं कौतुक झालं. 2007, 2008 आणि 2010 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदंही आली. एकच उणीव होती, प्रेक्षकांची. शंभर वर्षांच्या क्लबांना पिढीजात चाहते असतात. सान मार्तीनला ते कुठून येणार? विजेता संघ बऱ्याचदा रिकाम्या बाकांसमोर खेळे.

गायेसे याच क्लबात वाढला. वर होता लेआओ बुत्रोन, पेरूतल्या त्या काळच्या पक्क्या गोलरक्षकांपैकी एक. विजेतेपदांच्या त्या वर्षांत खांबांमधली जागा बुत्रोनची, आणि तरुण गायेसे सरावात त्याच्या मागे. हे मागे असणं वाया गेलं असं म्हणता येणार नाही. गोलरक्षकाचं निम्मं शिक्षण पाहण्यात असतं. कॉर्नरच्या वेळी कुठं उभं राहायचं, बचावपटूला कोणत्या क्षणी ओरडून सांगायचं, चेंडू मुठीनं कधी ढकलायचा आणि कधी कवटाळायचा, हे रोज डोळ्यांसमोर घडावं लागतं. बुत्रोनचं नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

2012 च्या सुरुवातीला पेरूच्या लीगमधल्या खेळाडूंनी थकलेल्या पगारांसाठी संप केला. जुने, मोठे क्लब कर्जात बुडालेले होते. त्या गोंधळात वेळेवर पगार देणाऱ्या सान मार्तीननंच स्पर्धेतून अंग काढून घेतल्याचं जाहीर केलं. नंतर क्लब परतला, पण पूर्वीची उमेद परतली नाही. 2022 मध्ये हा तीन वेळचा विजेता पहिल्या श्रेणीतून बाहेर फेकला गेला.

2014 मध्ये गायेसे उत्तरेला चिक्लायोला गेला. क्लब हुआन आउरिच.

चिक्लायो म्हणजे लिमापासून शेकडो किलोमीटर दूर, किनाऱ्याजवळच्या कोरड्या पट्ट्यातलं व्यापारी शहर. जवळच सिपान इथं 1987 मध्ये मोचे संस्कृतीतल्या एका अधिपतीची सोन्यानं भरलेली कबर सापडली, तेव्हा जगानं या भागाकडं पाहिलं. 2025 मध्ये पुन्हा पाहिलं, कारण नवे पोप लिओ चौदावे हे याच चिक्लायोचे अनेक वर्षं बिशप होते. या दोन घटनांच्या मधल्या काळात शहराचा अभिमान होता लाल जर्सीतला हुआन आउरिच, 'उत्तरेचं चक्रीवादळ'. 2011 मध्ये या क्लबनं देशाचं विजेतेपद लिमाबाहेर आणलं होतं. गायेसे आला त्या वर्षी तो पुन्हा अंतिम फेरीत पोचला आणि स्पोर्टिंग क्रिस्टालकडून हरला.

इथं त्याला दर आठवड्याला खेळायला मिळालं. चिक्लायोचं मैदान कृत्रिम गवताचं. अशा पृष्ठभागावर टप्पा जास्त उसळतो, चेंडू वेगानं सरकतो आणि झेप घेतली की कोपर-गुडघे सोलून निघतात. तिथल्या गोलरक्षकाला टप्प्याचा अंदाज रोज नव्यानं घ्यावा लागतो. 2014 मध्येच त्याला राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं. पुढच्या वर्षी रिकार्दो गारेका प्रशिक्षक झाले आणि त्यांनी या पंचविशीच्या, प्रांतीय क्लबातल्या मुलाला पहिला गोलरक्षक केलं. 2015 च्या कोपा अमेरिकात पेरू तिसरा आला.

मग जून 2016. अमेरिकेत कोपाची शताब्दी स्पर्धा होती. बॉस्टनजवळच्या फॉक्सबरोत पेरूनं ब्राझीलला 1–0 हरवलं. रुइदियासनं केलेला तो गोल हाताला लागून गेला होता आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. पण त्या वादात एक गोष्ट झाकली गेली. अगदी शेवटच्या क्षणी ब्राझीलच्या एलियासला बरोबरीची सोपी संधी मिळाली होती, आणि चेंडू गायेसेनं अडवला. अशा सामन्यांतून त्याचं नाव पडलं 'एल पुल्पो', म्हणजे ऑक्टोपस. चेंडू जाईल तिकडं एक हात पोचतोच, म्हणून. पुढं त्याला पेद्रो म्हणणारे कमी आणि पुल्पो म्हणणारे जास्त झाले.

त्या स्पर्धेनंतर तो मेक्सिकोला गेला. मागे हुआन आउरिच 2017 मध्ये पहिल्या श्रेणीतून खाली घसरला आणि देशाचा हा माजी विजेता पाहता पाहता मोठ्या फुटबॉलच्या नकाशावरून पुसट झाला.

वेराक्रूझ हे मेक्सिकोच्या आखातावरचं जुनं बंदर. क्लबचं टोपणनाव 'लाल शार्क', स्थापना 1943 ची, दोन लीग विजेतेपदं, तीही 1950 पर्यंतच्या काळातली. मेक्सिकोची लीग दक्षिण अमेरिकेतल्या खेळाडूंना खुणावते, कारण तिथं पैसा आहे. गायेसेच्या दृष्टीनं ही बढतीच होती. अडचण एवढीच की ज्या क्लबात तो गेला तिथला पैसा कागदावर होता.

वेराक्रूझमधली त्याची वर्षं आणि पेरूच्या फुटबॉलची सोनेरी वर्षं एकाच वेळची. नोव्हेंबर 2017 मध्ये पेरूनं न्यूझीलंडविरुद्धच्या दोन प्ले-ऑफ सामन्यांत एकही गोल न खाता, वेलिंग्टनला 0–0 आणि लिमात 2–0 अशा निकालांनी, 1982 नंतर प्रथमच विश्वचषक गाठला. 36 वर्षं. त्या रात्री लिमात जन्मलेल्या कित्येकांच्या आईबापांनीही पेरूला विश्वचषकात पाहिलेलं नव्हतं. रशियात डेन्मार्क आणि फ्रान्सविरुद्ध पेरू 0–1 असाच हरला आणि सोचीत ऑस्ट्रेलियाला 2–0 हरवून परतला. तिन्ही सामन्यांत गोलरक्षक तोच. फ्रान्स पुढं जगज्जेता झाला.

आणि क्लबात? तिथं संघ तळाशी. 2018 च्या उत्तरार्धापासून वेराक्रूझनं लीगमध्ये जिंकणंच सोडलं. सुमारे 40 सामने एकही विजय नाही. श्रेणी घसरण्याची वेळ आली तेव्हा मालकांनी 12 कोटी पेसो भरून जागा टिकवली. खेळाडूंना द्यायला नसलेला पैसा महासंघाला भरायला कसा निघाला, हा प्रश्न मेक्सिकोत मोठ्यानं विचारला गेला. गायेसे 2019 च्या सुरुवातीला लोनवर लिमाला निघाला, तेव्हा कोसळणं सुरू झालेलं होतं.

लिमात तो आला अलियान्सा लिमाकडं. इथं जरा थांबायला हवं.

अलियान्साची स्थापना 1901 ची. घर ला व्हिक्तोरिया या कष्टकरी वस्तीत, मैदानाचं बोलीतलं नाव मातुते. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी. ऑक्टोबर महिन्यात मात्र लिमाच्या 'चमत्कारांच्या प्रभू'च्या उत्सवासाठी संघ जांभळी जर्सी घालतो. आफ्रिकी वंशाच्या पेरूवासीयांचा, गवंड्यांचा, गोदीकामगारांचा हा क्लब. आणि या क्लबच्या गोलखांबांना एक जखम आहे.

1987 मध्ये अलियान्साचा तरुण संघ लीगच्या शिखरावर होता. 'लोस पोत्रियोस', शिंगरं, असं त्यांना म्हणत. या शिंगरांमध्ये गोलरक्षक मात्र पोक्त: होसे गोन्सालेस गानोसा, सगळ्यांचा 'काइको', वय 33. तो 1974 पासून याच क्लबात होता, सत्तरच्या दशकातली विजेतेपदं पाहिलेला, 1982 च्या विश्वचषकात किरोगाच्या मागं राखीव म्हणून गेलेला. एक क्लब, एक जाळं, तेरा-चौदा वर्षं. 8 डिसेंबर 1987 रोजी संघ ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या पुकाल्पाहून 1–0 असा सामना जिंकून परतत होता. विमान पेरूच्या नौदलाचं, फोकर एफ-27. लिमाजवळ आल्यावर चाकं नीट उतरली आहेत की नाहीत, याची वैमानिकाला शंका आली. खालच्या मनोऱ्यातून पाहून घेण्यासाठी विमान एकदा विमानतळावरून गेलं आणि पुन्हा उतरण्यासाठी वळताना बेन्तानियाजवळ समुद्रात पडलं. 44 जणांपैकी वैमानिक तेवढा वाचला. खेळाडू, प्रशिक्षक मार्कोस काल्देरोन, सहकारी, सोबतचे चाहते असे 43 जण गेले. काइकोही गेला.

उरलेला हंगाम अलियान्सानं युवा संघातली मुलं आणि निवृत्त झालेले जुने खेळाडू घेऊन खेळला; चाळिशीकडं झुकलेल्या कुबियासनं पुन्हा बूट बांधले. आणि चिलीच्या कोलो-कोलो क्लबनं आपले चार खेळाडू उसने पाठवले. त्यात गोलरक्षक होता होसे लेतेलिएर. पेरू आणि चिली यांच्यात एकोणिसाव्या शतकातल्या युद्धाची कटुता अजून पुरती विझलेली नाही. मैदानावर तर मुळीच नाही. अशा देशातला एक तरुण मातुतेच्या रिकाम्या झालेल्या गोलखांबांमध्ये येऊन उभा राहिला. अलियान्साचे चाहते कोलो-कोलोचं नाव आजही आदरानं घेतात ते यासाठी. लोनवरचा गोलरक्षक म्हणजे नुसती तात्पुरती सोय, असं मानणाऱ्यांनी लेतेलिएरची आठवण ठेवावी.

काइकोचा एक भाचा होता, तेव्हा जेमतेम चार वर्षांचा व्हायला आलेला. पुढं तो पेरूचा कर्णधार आणि सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला: पाओलो गेरेरो. विमानप्रवासाची त्याला वाटणारी धास्ती पेरूत सर्वांना ठाऊक आहे. गायेसे ज्या संघातून विश्वचषक खेळला, त्या संघाचा कर्णधार हा गेरेरो होता. आणि 2019 मध्ये गायेसे उभा राहिला तो गेरेरोच्या मामाच्या जागी.

तिथं त्याला कोण भेटावं? लेआओ बुत्रोन. सान मार्तीनमध्ये ज्याच्यामागं तो बसायचा तो बुत्रोन 2017 पासून अलियान्सात होता आणि त्या वर्षीच्या विजेत्या संघाचा गोलरक्षक होता. आता चाळिशी गाठलेला बुत्रोन बाकावर आणि गायेसे खांबांमध्ये. एका खेळाडूनं दुसऱ्यासाठी उतरवून ठेवलेले हातमोजे दशकानंतर असे हातोहात फिरले.

संघाचं वर्ष मात्र आंबट गेलं. कोपा लिबर्तादोरेसमध्ये अलियान्सा गटात तळाला राहिला. देशांतर्गत अंतिम फेरीत गाठ पडली बिनासिओनाल या नवख्या क्लबशी. पहिला सामना हुलियाकाला, समुद्रसपाटीपासून 3,800 मीटरहून उंच. तिथं हवा विरळ, त्यामुळं लांबून मारलेला चेंडू किनाऱ्यावरच्या गोलरक्षकांना सवय नसलेल्या वेगानं येतो, आणि धावणाऱ्यांना श्वास पुरत नाही. बिनासिओनालनं 4–1 जिंकलं. लिमात अलियान्सानं 2–0 परतफेड केली. एक गोल कमी पडला.

त्या वर्षाच्या मध्यावर मात्र गायेसेच्या आयुष्यातले सर्वांत नाट्यमय दोन आठवडे येऊन गेले होते. साओ पाउलोत, 22 जूनला, ब्राझीलनं पेरूचा 5–0 असा फडशा पाडला. त्यातला दुसरा गोल गायेसेच्या चुकीचा. त्यानं दूर फेकू पाहिलेला चेंडू थेट फिर्मिनोच्या अंगावर आपटला, खांबाला लागून परत फिर्मिनोकडंच आला आणि फिर्मिनोनं दुसरीकडं पाहत तो जाळ्यात सरकवला. ती दृश्यं जगभर फिरली. सामन्याच्या शेवटी ब्राझीलला पेनल्टी मिळाली आणि गाब्रिएल जेझुसचा फटका गायेसेनं अडवला, हे त्या पाच गोलांच्या ढिगाऱ्यात कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

बरोबर एका आठवड्यानं, 29 जूनला, साल्वादोरमध्ये उपांत्यपूर्व फेरी होती. समोर उरुग्वे. उरुग्वेचे तीन गोल ऑफसाइड ठरून रद्द झाले, सामना 0–0 राहिला. पेनल्टी शूटआउट. पहिलीच किक घ्यायला आला लुइस सुआरेस, उरुग्वेसाठी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. गायेसे झेपावला आणि चेंडू बाहेर ढकलला. त्यानंतर दोन्ही संघांच्या सगळ्या किक आत गेल्या. 5–4. पेरू पुढं, सुआरेस रडत मैदानाबाहेर. चार दिवसांवर चिलीचा सामना होता आणि त्यात व्हार्गासची ती हलकी चिप. जेझुस, सुआरेस, व्हार्गास: बारा दिवसांत तीन नामांकितांच्या पेनल्टी. माराकानातली अंतिम लढत पेरू ब्राझीलकडून 1–3 अशी हरला, पण 1975 नंतर प्रथमच तो संघ अंतिम फेरीत उभा होता.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2020 मध्ये, अलियान्सावर श्रेणी घसरण्याची पाळी आली. 1938 नंतर हे प्रथमच घडत होतं. नियमभंगासाठी दुसऱ्या एका क्लबचे गुण कापले गेले तेव्हा अलियान्सा परत आत आला आणि 2021 मध्ये थेट विजेता झाला. गायेसेच्या जुन्या घरांपैकी सावरलेलं हे एकच.

जानेवारी 2020 मध्ये तो अमेरिकेत ऑर्लँडो सिटीला आला. मेजर लीग सॉकरमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात, त्यांची क्लबांमध्ये देवघेव होते, त्यांना किंमत असते. अशी एक जागा गोलरक्षकावर खर्च करायला बहुतेक प्रशिक्षक धजत नाहीत, कारण अमेरिकेत देशी गोलरक्षकांची कमतरता नाही. ऑर्लँडोचे नवे प्रशिक्षक ऑस्कर पारेहा यांनी ती खर्च केली. 2015 पासून लीगमध्ये असलेला हा क्लब तोवर एकदाही प्ले-ऑफला पोचलेला नव्हता.

मग कोरोना आला. लीग थांबली आणि उन्हाळ्यात सगळे संघ डिस्नेच्या क्रीडासंकुलात बंदिस्त ठेवून एक स्पर्धा खेळवली गेली. प्रेक्षकांविना, ऑर्लँडोच्या दमट उष्म्यात. उपांत्यपूर्व फेरीत लॉस एंजेलिसच्या बलाढ्य संघाविरुद्ध 1–1. शूटआउटमध्ये ऑर्लँडो 5–4. अंतिम फेरीत पोर्टलंडकडून 1–2 हार. पण या क्लबला जिंकता येतं, हे प्रथमच लोकांना दिसलं.

21 नोव्हेंबर 2020 ची ती विलक्षण दुपार आली प्ले-ऑफच्या पहिल्याच सामन्यात. न्यूयॉर्क सिटीविरुद्ध 1–1. ऑर्लँडोच्या रुआनला दुसरं पिवळं कार्ड मिळाल्यानं संघ दहावर आलेला. जादा वेळ संपला, शूटआउट सुरू झालं. न्यूयॉर्कच्या कास्तेयानोसची किक गायेसेनं अडवली. विजय! सगळे धावत सुटले. आणि मग व्हिडिओ पंचांनी पाहिलं, की किकच्या क्षणी गायेसेचे पाय रेषेपुढं होते.

तेव्हाचा नियम असा: किक मारली जाते त्या क्षणी गोलरक्षकाच्या निदान एका पावलाचा काही भाग गोलरेषेवर किंवा रेषेच्या सरळीत असला पाहिजे. गोलरक्षक पुढं सरकतो तो चेंडूकडं जाणारा कोन आवळण्यासाठी. अर्ध्या पावलानं अडवता येणारा भाग वाढतो, आणि ते अर्धं पाऊल डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. त्याला तेव्हा शिक्षा होती पिवळ्या कार्डाची. गायेसेच्या नावावर आधीचं एक पिवळं होतंच. दोन पिवळी म्हणजे लाल. शूटआउटच्या मध्यावर गोलरक्षकच मैदानाबाहेर.

राखीव गोलरक्षक हातमोजे चढवून आला, तर पंचांनी थांबवलं. मैदानावर उरलेल्यांपैकीच कुणीतरी उभं राहायला हवं होतं. शेवटी अर्जेंटिनाचा बचावपटू रोद्रिगो श्लेगेल गोलरक्षकाची जर्सी घालून खांबांमध्ये गेला. कास्तेयानोसनं पुन्हा घेतलेली किक आत गेली. ऑर्लँडोचा कर्णधार, पोर्तुगालचा नानी, जिंकून देणारी किक मारायला आला आणि ती अडली. मग आइसलंडच्या थोरारिन्सनची किक, आणि श्लेगेल, आयुष्यात बचावात खेळलेला माणूस, झेपावला. अडवली! बेंजी मिशेलनं शेवटची किक जाळ्यात मारली. 6–5. क्लबचा पहिला प्ले-ऑफ विजय गोलरक्षकाच्या पेनल्टी अडवण्यामुळंच आला, पण तो गोलरक्षक गायेसे नव्हता.

शूटआउटनं त्याला जेवढं दिलं तेवढंच हिसकावूनही घेतलं. 13 जून 2022 ला दोहाजवळ, विश्वचषकाच्या एका जागेसाठी पेरू विरुद्ध ऑस्ट्रेलिया. 120 मिनिटं 0–0. ऑस्ट्रेलियाची पहिलीच किक, मार्टिन बॉयलची, गायेसेनं अडवली. पण शूटआउटसाठीच मैदानात आणलेला ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू रेडमेन रेषेवर हात नाचवत, पाय फेकत पेरूच्या खेळाडूंचं लक्ष विचलित करत होता. मधल्या एका क्षणी त्यानं गोलजवळ ठेवलेली गायेसेची पाण्याची बाटली उचलली आणि जाहिरातीच्या फलकांपलीकडं भिरकावली. त्या बाटलीवर ऑस्ट्रेलियाचा कोणता खेळाडू कुठं मारतो, याच्या नोंदी चिकटवलेल्या होत्या. पेरूच्या अद्विंकुलाची किक खांबाला लागली, बालेराची रेडमेननं अडवली. ऑस्ट्रेलिया 5–4. गोलरक्षकाची तयारी, कागदाच्या एका पट्टीवर उतरवलेली, फलकांमागं पडून राहिली. रेडमेनच्या चलाखीचं जगभर कौतुक झालं. मला ते कौतुक आजही पटत नाही.

क्लबात मात्र गायेसेला प्रथमच स्थैर्य मिळालं होतं. सप्टेंबर 2022 मध्ये ऑर्लँडोनं यूएस ओपन कपच्या अंतिम सामन्यात सॅक्रामेंटोला 3–0 हरवलं. लीगमध्ये आल्यापासूनचा हा क्लबचा पहिला करंडक. 2023 मध्ये 63 गुण, क्लबचा उच्चांक. 2024 मध्ये पूर्व विभागाची अंतिम फेरी, तिथं न्यूयॉर्क रेड बुल्सकडून 0–1. गायेसे होता त्या सहाही हंगामांत, 2020 ते 2025, ऑर्लँडो प्ले-ऑफला पोचला. स्टँडमध्ये जांभळ्या जर्सींच्या गर्दीत पेरूचे लाल पट्टे दिसू लागले आणि इंग्रजी बोलणारी पोरंही 'पुल्पो, पुल्पो' ओरडू लागली. त्याच काळात पेरूकडून त्यानं शंभरावर सामने पूर्ण केले.

2025 मध्ये दोन्ही आघाड्या एकदमच निवल्या. 2026 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत पेरूनं 18 सामन्यांत फक्त सहा गोल केले आणि दहा देशांत नववा आला; सप्टेंबरमध्ये लिमातला शेवटचा सामनाही पॅराग्वेकडून 0–1 असा गेला. ऑक्टोबरमध्ये शिकागोनं ऑर्लँडोला 3–1 हरवून प्ले-ऑफच्या दारातूनच परत पाठवलं. हंगामानंतर गायेसेनं ऑर्लँडो सोडलं, पस्तिसाव्या वर्षी. या वेळी त्याच्या मागे क्लब उभा होता, पगार वेळेवर देत होता आणि पुढच्या हंगामासाठी नवा गोलरक्षक शोधत होता.